सील पाणी पितो काय?

करमरकर मास्तरांच्या वर्गात उत्तर द्यायला बंदी होती. कुणी दिलंच, तर मास्तर दोन्ही कानांवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "उत्तरं घरी ठेवून या हो. इथे फक्त प्रश्न."

हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, म्हातारा बनवतोय. मी मराठी तिसरी शिकलो, तीही पुरती नाही. बनवायला जेवढी अक्कल लागते तेवढी शाळेने मला दिलेलीच नाही. जे बघितलं ते लिहितो. माझ्या लिहिण्यात ऱ्हस्वदीर्घ चुकला आणि कुणाला टोचला, तर त्याने तो आपल्या हाताने काढावा. मी काढणार नाही.

तेव्हा मी गाडी हाकत असे. दासगावच्या बंदराला भरतीबरोबर लाँच लागायची. तिच्यातला माल आणि माणसं महाडला आणायची, महाडाहून पोलादपूरला न्यायची, असा धंदा. माझं घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात, पण रात्रीचा मुक्काम बहुतेक महाडच्या गाडीतळावर. गाडी स्वतःची, बैल स्वतःचे. त्यामुळे मी कुणाचं वाकडं बोलणं ऐकून घेत नसे. पण एकदा फजिती झाली. महाबळेश्वराला निघालेला एक साहेब आणि त्याची मडम माझ्या गाडीत होती. साहेबाने बैलाकडे बोट करून काहीतरी विचारलं. मला इंग्रजीतले दोनच शब्द येत होते, ते दोन्ही मी वापरले. "येस सर." मडम किंचाळून खाली उतरली आणि पोलादपूरपर्यंत चालत आली. तिथल्या बंगल्यावरचा खानसामा पोट धरून हसला.

"अरे, तो विचारत होता, तुझा बैल चावतो काय! तू बोललास, होय!"

चावणारा बैल! पुढे कितीतरी दिवस गाडीतळावर मला "चावऱ्या बैलाचा शिवराम" म्हणत. मी ठरवलं, इंग्रजी शिकायचं. साहेबाला उत्तरं द्यायला नव्हे. साहेबाला उलटं विचारायला.

म्हणून मी महाडच्या शाळेत करमरकर मास्तरांच्या वर्गाला जाऊ लागलो. दिवसा ते खालच्या वर्गातल्या पोरांना सरकारी पुस्तक शिकवत. तेव्हा अगदी गरीब, मान खाली. दिवेलागणीला आमचा मोठ्या माणसांचा वर्ग भरला की तोच माणूस वेगळा दिसायचा. उंच, वाळका, मान पुढे काढून चालायचा. काळी टोपी कायम मागे सरकलेली, जणू कपाळाला वारा लागल्याशिवाय त्यांना काही सुचत नसे. खिशात तपकिरीची डबी. तपकीर ओढायचे, पण शिंक अडवून धरायचे, कारण मध्येच शिंक आली तर समोरच्याचा प्रश्न तुटतो.

आम्ही आठदहा जण होतो. पोस्टातला शिपाई धोंडू, एक शिंपी, दोनतीन मुंबईला निघालेले गडी. सगळ्यांना मास्तर वर्गात "अहो" म्हणत. वर्ग सुटून पायऱ्या उतरलो की पुन्हा "अरे शिवराम". मी एकदा विचारलं, असं का? म्हणाले, "जो प्रश्न विचारतो तो मोठा. बाहेर पडलास की तू पुन्हा गाडीवान, आणि मी पुन्हा मास्तर. दोघेही लहानच."

फी नव्हती. हेडमास्तरांनी खोलीची किल्ली दिली होती, ती नाइलाजाने. आमच्या पायांचं शेण बाकांना लागतं, हे त्यांचं दुखणं. "तपासणीला साहेब येतील. त्यांनी बघून बरं म्हटलं तर चालू, नाहीतर दुसऱ्या दिवशी किल्ली माझ्याकडे," असं त्यांनी आमच्यादेखत बजावलं होतं. तेव्हा वर्ग पहिल्यापासून टांगणीलाच होता.

मास्तर शिकवायचे तो फक्त चालू काळ. शिंप्याने एकदा विचारलं, झालेलं आणि होणारं कधी शिकवणार? मास्तर म्हणाले, "झालेल्याबद्दल साहेब तुम्हाला विचारील. होणाऱ्याबद्दल तुम्ही देवाला विचाराल. साहेबाला विचारायचं ते आत्ताचं. बोट सुटते काय? माल येतो काय? हा मनुष्य खरं बोलतो काय?"

आपण "काय" शेवटी लावतो, इंग्रज ते तोंडाशीच लावतो, एवढं मला लवकर कळलं. पण त्यांचं "डू" आणि "डज" मला छळायचं. एकटा माणूस खातो तर "ईट्स", शेवटी स. पण विचारताना "डज ही ईट", तिथे तो स गायब! मी म्हटलं, "मास्तर, हा स गेला कुठं?"

"डजमध्ये गेला. बघा, तिथे ऐकू येतो."

"दोन्हीकडं ठेवला तर काय बिघडतं?"

मास्तरांनी फळ्यावर दोन्ही स लिहिले आणि पुसले. मग मीच म्हणालो, मला गाडीतलंच सुचणार, "म्हंजे घंटा एकच हाय. म्होरल्या बैलाला बांधली की मागल्याची सोडायची."

मास्तरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "अहो शिवराम, हे मला इतकी वर्षं सुचलं नाही!" तेव्हापासून वर्गात कुणी "डज ही ईट्स" म्हटलं की मास्तर दोन बोटं वर करायचे. दोन घंटा वाजल्या. तोंडाने काही बोलायचे नाहीत. ती दोन बोटं सगळ्यात जास्त वेळा माझ्यासाठी वर झाली, हेही लिहून ठेवतो. नियम मी काढला, पण जीभ माझं ऐकत नसे.

पुस्तक एकच होतं. एका वाण्याच्या रद्दीतून मास्तरांनी सोडवलेलं. त्यातला एक धडा सीलवर होता. मास्तरांनी फळ्यावर सील असं इंग्रजीत लिहिलं आणि विचारलं, "व्हेअर डज द सील लिव्ह?" सील राहतो कुठे?

बंदी असूनही धोंडूला राहवलं नाही. सील हा शब्द आमच्यात त्याच्याइतका कुणाला माहीत होता? "पोष्टमास्तरांच्या खणात!" तो म्हणाला. "लाखेच्या कांडीशेजारी. चावी त्यांच्याच जानव्याला."

मास्तर कानांवर हात ठेवायचं विसरले. हसू आवरेना, त्यात तपकीर, शेवटी अडवलेली शिंक आलीच. मग त्यांनी चित्र दाखवलं. चकचकीत, लांबोडकं, कुत्र्याचं तोंड, मिशा, आणि हातापायांच्या जागी वल्ही. मासा नव्हे. अंगावर केस, पिल्लाला दूध पाजतो, आपल्यासारखा नाकाने वारा घेतो, आणि तरी बर्फाच्या समुद्रात राहतो.

महाडच्या माणसाला हे चित्र म्हणजे कोडंच. आमच्या सावित्रीत मगरी होत्या, ऊद होते. ऊद म्हणजे पाणमांजर, ते आम्ही बघितलेलं. पण ते रात्री काठावर येतं, बिळात झोपतं. हा सील झोपतो कुठं? बुडून मरत नाही? त्याला थंडी लागते काय? नाकात पाणी जातं काय? डज ही स्लीप? डज ही फील कोल्ड? त्या एका जनावरामुळे आम्ही महिनाभर "डज" म्हणत राहिलो. मास्तरांना तेच पाहिजे होतं. पण मला वाटतं, त्याहून जास्त त्यांना स्वतःला ते जनावर पाहिजे होतं.

पुस्तकात काही सापडायचं. कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, म्हणून थंडी आत शिरत नाही. पण धड्याचं शेवटचं पान कुणाच्या तरी हिंगाच्या पुडीला लागलं होतं. आणि नेमकं ते हरवल्यावर मी विचारलं. दासगावच्या खाडीचं पाणी भरतीला खारट होतं, माझे बैल त्याला तोंड लावत नाहीत, हे मी रोज बघत होतो.

"मास्तर, डज द सील ड्रिंक सी वॉटर?"

आजूबाजूला सगळा खारट समुद्र. गोडं पाणी आणणार कुठून?

मास्तरांनी पुस्तक शेवटपर्यंत चाळलं. प्रश्न सोडून आमच्या वर्गात एकच वाक्य चालायचं, ते त्यांनी म्हटलं. "आय डोंट नो." मला ठाऊक नाही. मग म्हणाले, "अहो, घंटासुद्धा एकच वाजली!"

त्या दिवसापासून मास्तरांना सीलने धरलं. एकदा पौषातल्या सकाळी मी बैल पाण्यावर नेले, तर सावित्रीत मास्तर कमरेएवढ्या पाण्यात उभे. एका हाताला कोपरापर्यंत थिजलेलं खोबरेल थापलेलं, दुसरा कोरडा. काठावर धोंडू पोस्टाचा पट्टा घालून रामनाम मोजत बसलेला. त्याची टपालाची वेळ टळून गेली होती.

"मास्तर, तब्येत बरी हाय ना?" मी विचारलं.

"बोलू नको, हात पाण्यात आहेत."

बाहेर आले तेव्हा ओठ निळे पडलेले. दोन्ही हात त्यांनी माझ्यापुढे धरले. "कोणता जास्त गार?"

मी दोन्ही चाचपले. "सारखेच."

मला वाटलं, खट्टू होतील. उलट टॉवेल गुंडाळून ते नाचायचेच बाकी राहिले. "म्हणजे चरबी वरून थापून भागत नाही रे! ती आतून धरावी लागते!" आणि दात वाजत असतानाच म्हणाले, "इंग्रजीचंही तेच. हेडमास्तरांना सांगू नको मात्र."

हेडमास्तरांना कळलंच. महाडात नदीवर केलेली गोष्ट लपते होय? नाक्यावर लोक म्हणत, करमरकर मास्तराला सील चावला. मला बरं वाटलं. चावऱ्या बैलाला सोबत मिळाली.

मग तपासणीचा साहेब आला. दिवसभर त्याने पोरं तपासली, आणि संध्याकाळी हेडमास्तर त्याला मुद्दाम आमच्या खोलीत घेऊन आले. साहेब लाल तोंडाचा, दमलेला, हातात टोपी. त्याने आम्हाला एकेकाकडे बघून काहीतरी विचारलं. आम्ही गप्प. येत नव्हतं म्हणून नव्हे, येत असतं तरी आमच्या वर्गात उत्तराला बंदीच! साहेबाने पुन्हा विचारलं. हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरायला लागलं. किल्ली त्यांच्या खिशात पडल्यासारखीच होती.

तेव्हा मास्तर हळूच म्हणाले, "दे ओन्ली आस्क, सर." ही माणसं फक्त विचारतात. आणि माझ्याकडे वळले. "अहो शिवराम, विचारा."

मी उठलो.  "सर, डज द सील ड्रिंक सी वॉटर?"

"सील?" साहेब म्हणाला.

हेडमास्तर गडबडले. त्यांना वाटलं, साहेबाला शिक्का पाहिजे. त्यांनी दाराशी उभ्या शाळेच्या शिपायाला ओरडून सांगितलं, "अरे, शाळेचं सील आण! लाखपण आण!" धोंडूने तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला.

पण साहेबाच्या तोंडावर काय झालं ते मी विसरणार नाही. दमणूक गेली. त्याने टोपी बाकावर ठेवली, कोट काढला. मास्तरांनी नंतर सांगितलं की तो कुठल्याशा बेटावर वाढला होता, आणि त्याच्या घरापुढच्या खडकांवर सील येऊन पडत. एवढं त्यांना समजलं होतं. पुढचं आम्हा सगळ्यांनाच समजलं, कारण साहेबाने ते करून दाखवलं. त्याने नाकपुड्या बोटांनी मिटल्या, मग जोर करून उघडल्या, पुन्हा मिटल्या. म्हणजे आपलं नाक उघडंच असतं, सीलचं मिटलेलं असतं, श्वासापुरतं उघडावं लागतं! मग त्याने छाती रिकामी होईपर्यंत फूऽऽ करून वारा सोडला आणि टेबलाखाली बुडी मारली. आपण बुडी मारताना वारा भरून घेतो, सील सोडून देतो. मग उठून उभा राहिला, हात मांड्यांना चिकटवले, हनुवटी वर, डोळे मिटलेले, आणि जागच्या जागी हळूहळू वरखाली डुलायला लागला. सील पाण्यात उभा झोपतो, नाक तेवढं वर. सरकारचा एवढा मोठा साहेब आमच्यापुढे झोपला होता.

डोळे उघडून साहेब माझ्याकडे वळला आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागला. या उत्तराला हातवारे नव्हते. नुसतं बोलणं, भराभर, त्याच्या बेटाकडचं. मला त्यात एकच शब्द ओळखू आला. फिश. दोनदा, तीनदा, फिश. शेवटी माझ्या खांद्यावर थोपटलं, कोट चढवला, हसत गाडीत बसून गेला.

हेडमास्तर परत खोलीत आले. "कळलं ना? साहेब म्हणाले, होय, पितो." मग मास्तरांना विचारलं, "काय करमरकर, असंच म्हणाले ना?"

आता इथे मास्तरांनी नुसती मान हलवायची होती. साहेब खूश होऊन गेला होता, वर्ग वाचला होता. धोंडूने मागून मास्तरांचा कोट ओढला. शिंपी डोळ्यांनी विनवत होता. मी विनवलं नाही, पण मनात म्हणालो, हलवा मान, मास्तर.

मास्तरांनी टोपी मागे सरकवली. "आय डोंट नो, सर."

"म्हणजे?"

"साहेब माशाबद्दल काही बोलले. आम्ही पाण्याचं विचारलं होतं. ते माशाचं का सांगत होते, मला समजलं नाही."

"साहेबाचं इंग्रजी तुम्हाला समजत नाही?"

"हे समजलं नाही."

"मग या लोकांना शिकवता काय?"

मास्तर म्हणाले, "हेच." हेडमास्तरांनी हात पुढे केला, तशी खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

मला राग आला होता. हेडमास्तरांचा नव्हे, मास्तरांचा. पायऱ्या उतरताना मी म्हणालो, "एक मान हलवली असती तर काय झालं असतं?"

"शिवराम, मान हलवली असती तर तुझा प्रश्न मेला असता," ते म्हणाले. "आत्ता जिता आहे." आणि तपकीर ओढली. या खेपेला शिंक अडवली नाही.

 पण चार दिवसांनी गाडीतळावरच्या वडाखाली माझी गाडी उलाळ टाकून मागे कलती उभी केली, साठीवर, म्हणजे बाजूच्या लाकडावर, कंदील टांगला, आणि मास्तरांना बोलावून आणलं. पुढचा वर्ग तिथे भरला. बाक नव्हते, त्यामुळे शेणाची तक्रार नव्हती. बैल रवंथ करत ऐकायचे.

पाऊसकाळ लागायच्या आधी मास्तरांची बदली झाली. त्यामागे कोण होतं, हे सांगायची गरज नाही.

इथे आणखी एक सांगतो. माझा नातू मुंबईला कॉलेजात जीवशास्त्र शिकतो. मागे दिवाळीला आला तेव्हा मी त्याला विचारलं, सील पाणी पितो काय? तो म्हणाला, "आजोबा, त्याला फारसं प्यावं लागत नाही. तो मासे खातो ना, माशाच्या अंगातच पाणी असतं. ते त्याला पुरतं."

मी ताटावरून उठलो. अंगणात जाऊन उभा राहिलो. फिश, फिश, फिश! साहेबाने बरोबर उत्तर दिलं होतं. ते आमच्या डोक्यावरून गेलं, आणि आम्ही समजलो, साहेबालाच प्रश्न कळला नाही. मास्तर तेव्हा हयात नव्हते. असते तर मी पायी गेलो असतो सांगायला. सून म्हणाली, काय झालं मामंजींना? नातू म्हणाला, काही नाही, पाण्याचं विचारत होते.

मास्तरांना मी शेवटचं बघितलं ते दासगावला. माझ्याच गाडीतून त्यांना आणलं. एक ट्रंक, एक वळकटी, आणि काखेत ते हिंगाच्या वासाचं पुस्तक. धोंडू रजा काढून आला होता, शिंपीही आला होता. भरती चढत होती. लाँच लागण्याआधी मास्तर धक्क्याच्या पायरीवर वाकले, ओंजळभर पाणी घेतलं, तोंडात धरलं, आणि वाकडं तोंड करून थुंकले.

"अजून शोधताय?" मी विचारलं.

"तुझे बैल शहाणे आहेत," म्हणाले.

लाँच सुटली. मास्तर कठड्याशी उभे, टोपी मागे. मला काहीतरी बोलायचं होतं, पण गाडीवानाने धक्क्यावर उभं राहून गहिवरायचं, हे मला जमण्यातलं नाही. एवढ्यात मास्तरांनी काय करावं? ट्रंक पायाशी ठेवली, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले, हनुवटी वर केली, डोळे मिटले. लाँच लाटेवर वरखाली व्हायला लागली तसे तेही वरखाली. शेजारची बाई पोराला घेऊन लांब सरकली. धोंडू हसून रडायला लागला.

मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ओरडलो, "मास्तर! डज ही स्लीप्स?"

लाँच पाण्याच्या मधोमध गेली होती. मास्तरांनी एक डोळा उघडला. मांडीचा एक हात सोडवला, आणि दोन बोटं वर केली.